अडकलेलं झाकण

अर्ज भरायची मुदत आज संपतेय, दाखले स्कॅन करायचेत, आणि नेमकं प्रिंटरच्या फीडरचं झाकण ना धड उघडतंय, ना धड बसतंय. अशा वेळी हात आपसूक जोर लावतो. माझं सांगणं एवढंच, की त्या क्षणी हात मागे घ्यावा. मुदत आपल्याला आहे, झाकणाला नाही.

ते झाकण नुसतं धुळीसाठी नसतं. घरगुती प्रिंटरमध्ये बहुधा त्याच्याच पोटात रबरी रोलर असतो आणि समोर एक छोटी रबरी पट्टी. रोलर एक कागद पुढे ओढतो, पट्टी त्याच्या जोडीच्या कागदाला मागे धरते. कागदाची कागदावर जेवढी पकड, त्याहून रबराची कागदावर जास्त; एवढ्या साध्या हिशोबावर सगळा गठ्ठा एकेक पान करत आत जातो. मला तर ही रचना फार देखणी वाटते. झाकण पुरतं टेकलं नाही तर रोलरचा दाब पडत नाही, म्हणूनच यंत्र ‘झाकण उघडं आहे’ असं सांगून थांबतं.

तेव्हा आधी प्रिंटर बंद करून प्लग काढावा आणि मोबाइलच्या उजेडात फटीत डोकवावं. बरेचदा कागदाचा दुमडलेला कोपरा दिसतो, नाहीतर खाचेत आडवी बसलेली स्टेपलरची पिन. ती चिमट्यानं निघते. झाकण एका अंगाला बिजागरीवर फिरतं आणि दुसऱ्या अंगाला नखाएवढ्या प्लास्टिकच्या खुंटीवर अडकतं. हिसका दिला की मोडते ती हीच खुंटी. एवढ्याशा तुकड्यापायी चालता प्रिंटर भंगारात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, त्यांत प्रिंटरही येतो. पण वस्तूचा कचरा होऊच न देणं हे नियमांच्या आधीचं काम, आणि ते घरातच होतं.

झाकण दोन्ही कडांना धरून अलगद उचलावं. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तिरपा होऊ न देता, सावकाश ओढावा. फाटलाच, तर तुकडे जुळवून बघावेत. आत राहिलेला कपटा पुढचं पान हमखास अडवतो. रोलर किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसून वाळू द्यावा.

आणि एक विनंती. घडीवर विरलेला सातबारा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, मऊ पडलेली जुनी पत्रं फीडरमध्ये घालू नका. त्यांच्यासाठी खालची काच आहे. एकेक पान हातानं ठेवायला वेळ लागतो, तेवढा द्या.