मठातील स्तोत्रगान

इटलीतील मोंते कासिनोच्या मठात सहाव्या शतकात संत बेनेडिक्टांनी जी नियमावली सिद्ध केली, तिच्यात बायबलमधील १५० स्तोत्रांचे गायन दर आठवड्यास पूर्ण व्हावे असा दंडक आहे. क्रम कोणास रुचला नाही तर त्याने खुशाल दुसरा लावावा, मात्र संख्येत कसूर होऊ नये, ही त्यांनी दिलेली सवलत मला त्या दंडकाहूनही थोर वाटते. पहाटेच्या काळोखात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन रांगा आळीपाळीने एकेक श्लोक गातात, आणि श्लोकाच्या मध्यावर सारे कंठ क्षणभर थांबतात. ज्याला घाई असेल त्यालाही तेथे शेजाऱ्यासाठी थांबावे लागते. या स्तोत्रांत स्तुती आहे तसा आक्रोशही आहे, शत्रूविषयीचा संतापही आहे. म्हणूनच स्वतः प्रसन्नचित्त असलेला मठवासीही त्या प्रहरी कोणा अपरिचित दुःखिताची फिर्याद ईश्वराच्या दरबारी आपल्या मुखाने रुजू करीत असतो.