गळ्यातली चिठ्ठी

लखनौची गोमती सगळ्यांना ठाऊक असते. कुकरैल ठाऊक असते ती तिच्या काठी राहणाऱ्यांना, आणि त्यांतलेही निम्मे तिला नालाच म्हणतात. बख्शी का तालाब भागातल्या अस्ती गावाजवळ ती उगम पावते, सुमारे २८ किलोमीटर वाहते आणि शहरात येऊन गोमतीला मिळते. मिळेपर्यंत शहरानं तिच्या ओटीत सांडपाणी, कचरा, राडारोडा असं बरंच काही घातलेलं असतं.

तिला पुन्हा नदी करायचं असं अलीकडे ठरलं. २०२४च्या जूनमध्ये न्यायालयाच्या निकालानंतर तिच्या काठचं अकबरनगर पाडलं गेलं. माणसं वसंतकुंजच्या घरकुलांत गेली आणि २० जुलैला त्याच जागी सौमित्र वनाची रोपं लागली. तिथं घर मोडणं आणि झाड लावणं यांत महिनाभराचं अंतर पडलं. सगळ्याच जमिनींचं असं होत नाही. जुनं गेल्यावर नवं येईपर्यंत पुष्कळदा दोन-चार पावसाळे निघून जातात. ही गोष्ट त्या मधल्या पावसाळ्यांची. हिच्यातला जमिनीचा तुकडा आणि माणसं मनातली आहेत, ती नकाशावर शोधू नयेत. नदी मात्र खरी.

तर अशा एका काठावरच्या नऊ एकरांचा ताबा पंचविशीतल्या एका मराठी तरुणाकडे आला. पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौत सुरू झालेल्या संगीत महाविद्यालयात त्याचे आजोबा शिकवायला आले आणि इथलेच झाले. नातवाच्या हाती सूर लागला नाही, सरकारी नोकरी लागली. हुकुमात एकच ओळ होती : 'आराखडा मंजूर होईपर्यंत तात्पुरती देखभाल.' त्यातला 'तात्पुरती' हा शब्द त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होता.

जागेवर एक म्हातारा चौकीदार होता. सगळे त्याला चाचा म्हणत. इथल्या हललेल्या वस्तीतच त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"चाचा, एवढी मोठी रिकामी जागा! काहीतरी करून दाखवू."

"रिकामी नाही, भैया," चाचा म्हणाला. "रिकामी केलेली आहे."

मग त्यानं या तरुण साहेबाला जागा फिरवून दाखवली. इथं हातपंप होता, पाणी गोड लागायचं. हा कडुनिंब एका बाईनं मुलाच्या जन्माला लावलेला. त्या कोपऱ्यात विटांचा चुरा इतका दाबला गेलाय की कुदळ उडते. आणि ही मधली खोलगट जागा, हिच्यात पावसाचं पाणी चार दिवस उभं राहतं, मग आपलं आपण जातं.

"तुम्हाला काय हवंय, चाचा?"

"हिरवळीच्या खताला धैंचाचं बी मिळालं तर पेरू. जमीन मऊ होईल. आणि गाजरगवत फुलायच्या आत उपटायला चार बाया द्या. एकदा फुललं की सात पिढ्या आटपत नाही."

साहेबाला हसू आलं. गाजरगवत त्याच्या आजीच्या पुण्यातलंच. भारतात ते पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५-५६च्या सुमाराला पुण्यात, आणि तिथून देशभर पसरलं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. 'तण खाई धन' ही म्हण त्यानंही शाळेत पाठ केली होती. पण तण उपटल्याचा फोटो वरिष्ठांना कसा पाठवायचा?

दरम्यान जागा मोकळी असल्याचा वास शहराला लागला होता. एकाला लग्नाचं लॉन करायचं होतं, एकाला गाड्या लावायला हवी होती. बटाटा लावू द्या म्हणणारा आला, पामची झाडं लावू द्या म्हणणाराही आला. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : "तोवर पडूनच आहे ना?"

मे महिन्यात एक कंत्राटदार आला. पाडकामाचा भराव त्याच्याकडे उदंड होता, टाकायला जागा नव्हती. "खड्डा फुकट बुजवून देतो, साहेब. वर रोलर फिरवतो. गालिच्यासारखी जमीन होईल." साहेबाच्या डोळ्यांपुढे गालिचा उभा राहिला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो.

"भैया, ते नदीचं अंगण आहे," चाचा म्हणाला. "पावसाळ्यात ती तिथं पाय पसरते."

"आराखड्यात कदाचित भिंतच येईल, चाचा. मग पाय कशाला पसरेल?"

"कदाचित?" चाचानं एवढंच विचारलं. लखनौचा जुना माणूस दुसऱ्यांदा अडवत नाही.

आठ दिवस डंपर येत होते. जमीन खरंच गालिच्यासारखी झाली. फोटो गेले, शाबासकी आली.

जुलैत पाऊस लागला. पहिल्या मोठ्या सरीला कुकरैल फुगली, नेहमीच्या अंगणाकडे वळली आणि तिथं तिला भिंतीसारखा भराव आडवा आला. ती परत फिरली आणि काठापलीकडच्या गल्लीत शिरली. जीवितहानी झाली नाही. पण दोन दिवस त्या गल्लीतल्या घरांत गुडघाभर काळं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी साहेब तिथून गेला तेव्हा एक मुलगा दोरीवर वह्या वाळत घालत होता. शाई उतरून सगळी पानं एकसारखी निळी झाली होती. मुलानं त्याला ओळखलं नाही, नमस्कार केला. साहेबाला तो नमस्कार फार जड गेला.

रात्री तो जेवला नाही. आजीनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ज्या नदीकाठी नोकरी करतोस, तिचं नाव कुकरैल का पडलं, ठाऊक आहे?"

"कुकुर म्हणजे कुत्रा. एवढंच."

"मग ऐक. एक बंजारा होता. त्याच्यावर कर्ज झालं. गहाण ठेवायला काही नव्हतं, जिवापाड जपलेला एक कुत्रा होता. तो त्यानं सावकाराकडे ठेवला आणि सांगितलं, पैसे फेडीपर्यंत इथंच राहा. कुत्रा राहिला. एका रात्री सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल कुठं दडवला ते कुत्र्यानं पाहून ठेवलं आणि सकाळी सावकाराला धोतर ओढत तिथं नेलं. सगळा माल मिळाला. सावकार म्हणाला, तुझ्या मालकाचं कर्ज फिटलं. तसं चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला सोडून दिलं. कुत्रा आनंदानं धावत बंजाऱ्याकडे निघाला. बंजाऱ्यानं त्याला लांबून येताना पाहिलं. त्याला वाटलं, हा पळून आला, यानं माझा शब्द घालवला. रागाच्या भरात त्यानं कुत्र्याला मारलं. मग गळ्यातली चिठ्ठी दिसली."

आजी थांबली. "लोक सांगतात, त्या जागी जे पाणी फुटलं ती ही नदी. कुत्रा चावला की माणसं तिच्यात अंघोळीला यायची."

"बंजारा दुष्ट नव्हता," नातू म्हणाला.

"मुळीच नव्हता. घाईत होता. चिठ्ठी गळ्यातच होती रे बाळा. हात उचलायच्या आधी वाचायची, एवढंच काम होतं."

"माझ्या जमिनीच्या गळ्यात काय लिहिलं होतं?"

"मला काय ठाऊक? तुझ्या चाचाला विचार. त्यानं तुला वाचून दाखवलं असणार."

दुसऱ्या दिवशी साहेब चाचापुढे खाली मान घालून उभा राहिला. चाचानं त्याला खाटेवर बसवलं, आधी चहा दिला. मग दोघांनी एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'मधल्या खोलगट जागेत पावसाचं पाणी चार दिवस थांबतं. ते थांबू द्यावं.'

भराव टाकायला आठ दिवस लागले होते, काढायला पावणेदोन महिने गेले. फुकट देणाऱ्या कंत्राटदारानं फोन उचलणं बंद केलं. रोलरनं दाबलेली माती इतकी घट्ट झाली होती की पाणी वरच्या वर वाहून जाई आणि धैंचा तिथं उगवेचना. तेव्हा साहेबाला कळलं की ओसाड जमिनीपेक्षा बिघडवलेली जमीन महाग पडते. पडीक जमिनीला वेळ द्यावा लागतो, बिघडवलेलीला वेळ द्यायचा तो द्यायचाच, वर दंडही भरायचा.

एका रविवारी तो कुकरैलच्या वनातल्या घडियाल पुनर्वसन केंद्रात जाऊन उभा राहिला. चंबळच्या काठावरून आणलेली अंडी इथं उबवतात, पिल्लांना मीटरभराहून लांब होईपर्यंत सांभाळतात आणि मग नदीत सोडतात. हौदातली पिल्लं नाक वर काढून निवांत पडली होती. त्यांना लळा लावून कुणाला काही मिळणार नव्हतं. ती इथली नव्हतीच. ती जगावीत आणि आपल्या नदीत गेल्यावरही जगावीत, एवढ्यासाठी ही सगळी खटपट चालली होती. 'तात्पुरती देखभाल' या शब्दांतलं खुपणं त्या दिवशी गेलं.

मग तो वाचू लागला, तेव्हा मधल्या काळाची माणसं त्याला जगभर भेटली. २००३ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठची १५ हजार एकरांहून जास्त मिठागरं सरकारी ताब्यात आली. तिथली खारी दलदल परत आणायचा मोठा आराखडा तयार व्हायला काही वर्षं लागणार होती. तोवर पाणी खेळतं ठेवायचं, खार साचू द्यायचा नाही आणि पाखरांची सोय बिघडू द्यायची नाही, यासाठी त्यांनी निराळी योजना केली. आपल्याकडे मुंबईत धारावीला मिठी नदीकाठच्या ३७ एकरांवर कचरा टाकणं १९७७ मध्ये थांबलं आणि तिथं झालेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुलं झालं ते १९९४ मध्ये. उद्घाटनाची तारीख पाटीवर असते. मधल्या सतरा वर्षांची पाटी कुठंच नसते.

दुसऱ्या वर्षी साहेबानं एकच कसोटी ठेवली. कुणी काही मागितलं की तो विचारी, "उद्या सकाळी हे उचलून नेता येईल का?"

लग्नाच्या लॉनवाल्याला सिमेंटचा कोबा हवा होता. नाही. पामवाल्याला खड्डे खणायचे होते. नाही, पण रोपं पिशव्यांतच सावलीत ठेवायला हरकत नाही, आणि ती इथल्या मातीतली हवीत, अर्जुन, जांभूळ, कदंब. गल्लीतल्या पोरांना क्रिकेट खेळायचं होतं. खुशाल खेळा, फक्त रोलर आणायचा नाही. दोन गवळ्यांना हिवाळ्यात बरसीमचा चारा पेरायचा होता. त्याची मुळं जमिनीला काही देऊनच जातात, म्हणून एका हंगामाचा कागद करून दिला. पुढच्या वर्षाचं आत्ता बोलायचं नाही, हेही त्यावर लिहून घेतलं. पावसाळ्याच्या तोंडावर धैंचा पेरला, सहा-सात आठवड्यांनी फुलायच्या आत मातीत गाडला. गाजरगवत बायांनी हातमोजे घालून मुळासकट उपटलं. एका बाजूला कुंपण घातलं, पण गल्लीतल्या बायकांची नदीकडे जायची जुनी पायवाट मोकळी सोडली.

रोज संध्याकाळी वहीत भर पडे. कुठल्या सरीला पाणी कुठवर आलं. दाबलेल्या कोपऱ्यात पहिलं गांडूळ कधी दिसलं. खोलगट जागेत बगळे कोणत्या महिन्यात उतरले. कडुनिंब कुणी लावला होता. वसंतकुंजहून ती बाई एकदा त्याला भेटायला आली, बुंध्याला हात लावून थोडा वेळ बसली आणि गेली. तेही चाचानं लिहून घ्यायला लावलं.

"हे कशाला, चाचा? याचा आराखड्याशी काय संबंध?"

"झाड तोडायचं की ठेवायचं हे ठरवणाऱ्याला ठाऊक असावं, भैया. मग त्याला जे करायचं ते करू दे."

त्या पावसाळ्यात कुकरैल पुन्हा फुगली. अंगणात आली, चार दिवस पाय पसरून बसली आणि गेली. गल्ली कोरडी राहिली. वर्तमानपत्रात याची बातमी आली नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी कोण देणार?

शेवटी आराखडा मंजूर झाला. नवे अधिकारी आले, गाडीतून यंत्रं उतरली. नकाशा मोठा होता, माणसं हुशार होती आणि मुहूर्त गाठायचा असल्यानं सगळी घाईत होती. ताबापत्र बॉनेटवर ठेवून नव्या साहेबांनी पेन काढलं.

"दोन वर्षांत इथं काय केलंत तुम्ही?" त्यांनी सहज विचारलं. समोर गवत होतं, पिशव्यांतली रोपं होती, एक कडुनिंब होता आणि एक खळगा होता.

"राखली," तरुण म्हणाला.

"बरं, बरं." त्यांनी सहीची जागा शोधली. "तो खड्डा तेवढा आजच बुजवून घेऊ."

तरुणानं चाचाकडे पाहिलं. चाचानं सुतळीनं बांधलेली वही पुढे केली. ती तरुणानं ताबापत्रावर, बरोबर सहीच्या जागेवर ठेवली आणि हात जोडले.

"सर, सही करा, खड्डाही बुजवा. जमीन आता तुमची आहे," तो म्हणाला. "पण आधी एवढं पहिलं पान वाचा."

*बोध : मधल्या काळात हाती आलेली वस्तू ही ठेव असते. जे उलटवता येणार नाही ते तिच्यावर करू नये, आणि तिच्याबद्दल जे कळलं ते पुढच्याच्या हाती दिल्याशिवाय निघू नये.*