उन्हाळ्याचा अनध्याय आणि आठ वर्षांचे मूल

तिसरी संपवून चौथीत जाणाऱ्या मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनाचा आणि गणिताचा सराव करावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती व्यवहाराचा वाटतो. परंतु अध्ययनाला विराम असावा काय, असल्यास तो कोणत्या अध्ययनाला असावा आणि अध्ययनाचे कर्तव्य मुळात कोणावर पडते, हे त्याच्या पोटातले प्रश्न धर्मशास्त्राने आणि मीमांसादर्शनाने, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे नियम ठरवणाऱ्या दर्शनाने, शेकडो वर्षे चर्चिलेले आहेत. सातारा जिल्ह्याला ही चर्चा परकी नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासानंतरचे केवलानंद सरस्वती, यांनी संकलित केलेला मीमांसाकोश १९५२ ते १९६६ या काळात सात खंडांत वाईहूनच प्रसिद्ध झाला.

धर्मशास्त्रात वेदाध्ययन थांबवण्याच्या दिवसांना आणि प्रसंगांना अनध्याय म्हणतात. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या या तिथींना, ढग गडगडत असता, धुळीचे वादळ उठले असता, ग्रहणकाळी, कोल्ह्यांची ओरड ऐकू आली असता पाठ थांबवावा, असे नियम मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आणि त्याहून जुन्या धर्मसूत्रांत विस्ताराने सांगितले आहेत. त्याशिवाय वर्षाचीही विभागणी होती: श्रावणात किंवा भाद्रपदात उपाकर्म नावाच्या विधीने अध्ययनसत्र सुरू होई, सुमारे साडेचार महिन्यांनी उत्सर्जन या विधीने ते संपे, आणि त्यानंतर शुक्ल पक्षात वेद तर कृष्ण पक्षात व्याकरण, छंद, ज्योतिष यांसारखी वेदांगे पाहावीत, असा क्रम मनूने दिला आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की, सुट्टी म्हणजे आळसाला दिलेली सवलत, ही समजूत परंपरेची नाही. विराम हा अध्ययनाच्या रचनेतलाच एक भाग होता आणि तो मोडणे दोषास्पद मानले जाई. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला जाणारे, वैशाखात आजोळच्या विहिरीत पोहायला शिकणारे मूल काही गमावत आहे, असे मानणाऱ्या पालकांनी या नियमांकडे एकदा पाहावे.

तथापि हेच शास्त्र एक अपवादही सांगते आणि तो नियमाइतकाच महत्त्वाचा आहे. वेदांगांचा अभ्यास, रोजचा स्वाध्याय आणि होमातील मंत्र यांना अनध्याय लागत नाही, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे. स्वाध्याय म्हणजे आधी शिकलेल्या पाठाची स्वतःपुरती आवृत्ती. गुरूकडून नवा पाठ घेणे ते ग्रहणाध्ययन. विराम आहे तो ग्रहणाला, स्वाध्यायाला नव्हे. तैत्तिरीय आरण्यकाने तर या नित्यपाठाला ब्रह्मयज्ञ असे यज्ञाचेच नाव दिले असून त्याचे प्रमाण इतके खाली आणले आहे की, एकच ऋचा म्हटली तरी त्या दिवसाचा यज्ञ पुरा होतो. उन्हाळी सरावाच्या वादात दोन्ही बाजूंना या भेदाचा विसर पडलेला दिसतो. एका बाजूचे लोक सुट्टीत चौथीचे पुस्तक आधीच संपवून घेण्याचे वर्ग काढतात आणि अशा प्रकारे विरामाच्या काळात ग्रहण सुरू ठेवतात. दुसऱ्या बाजूचे लोक, मुलाला मोकळे सोडावे या योग्य भावनेपोटी, दीड महिना एक ओळही वाचून न घेता स्वाध्यायालाही अनध्याय लावतात.

विस्मरण होते की नाही, हा अर्थात अनुभवाचा प्रश्न आहे, शास्त्राचा नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून असा निष्कर्ष काढला की, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे सरासरी सुमारे एका महिन्याचे शिक्षण मागे पडते, वाचनापेक्षा गणिताची घसरण अधिक असते, आणि वाचनात सुखवस्तू घरांतील मुले पुढे जात असताना गरीब घरांतील मुले मागे पडतात. मोजमापाच्या पद्धतीवर नंतरच्या संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत, शिवाय तेथील सुट्टी आपल्याकडील मे ते जूनच्या मध्यापर्यंतच्या सुट्टीहून बरीच लांब असते, त्यामुळे तो आकडा साताऱ्याला जसाच्या तसा लावणे चुकीचे होईल. येथील चिंता निराळी आहे. ग्रामीण भारतातील मुलांची घरोघरी जाऊन चाचणी घेणाऱ्या ‘असर’ पाहणीत २०२४ साली तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला आणि ३३.७ टक्के मुलांना किमान हातच्याची वजाबाकी जमली. म्हणजे बहुसंख्य मुलांच्या बाबतीत शिकलेले विसरण्याचा प्रश्न दुय्यम असून जे हाती यायला हवे होते तेच पुरते आलेले नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने मुलांना वाचन व अंकगणित येण्यासाठी तिसरीच्या अखेरीची मर्यादा आखली, ती याच कारणाने: चौथीपासून वाचायला शिकणे संपते आणि वाचून शिकणे सुरू होते. महाराष्ट्रात तर चौथीच्या मुलाच्या हाती शिवछत्रपतींच्या इतिहासाचे पुस्तक पडते, आणि ज्या मुलाला अजून अक्षरे जुळवून वाचावी लागतात त्याला वाईचा मुक्काम, प्रतापगडाची भेट हे सारे स्वतःच्याच जिल्ह्यात घडलेले असूनही परक्या मुलखाइतके दूर राहते.

सराव करायचा तो कशाचा, या ठिकाणी मीमांसकांचा एक जुना वाद उपयोगी पडतो. स्वाध्यायाचे अध्ययन करावे, या वेदाज्ञेचे पर्यवसान अक्षरे कंठस्थ होण्यात आहे की अर्थ कळण्यात आहे, असा तो वाद होय. कुमारिल भट्टांचा पक्ष अर्थज्ञानाकडे झुकतो आणि त्याचे कारण मार्मिक आहे: एखाद्या कृतीचे डोळ्यांना दिसणारे फल उपलब्ध असताना न दिसणाऱ्या पुण्याची कल्पना करणे न्याय्य नाही, आणि अध्ययनाचे दिसणारे फल अर्थ समजणे हेच आहे. सुट्टीसाठी विकत आणलेली व्यवसायमाला रोज दोन पाने भरून टाकणाऱ्या घराने हा न्याय स्वतःला लावून पाहावा, कारण भरलेल्या पानांनी पालकाचे समाधान होते आणि मुलाला काय कळले याचा पत्ता कोणालाच नसतो. हे अदृष्ट फलाच्या मागे लागणेच आहे. मात्र पाठांतर निरुपयोगी, असा याचा अर्थ काढणे घाईचे ठरेल. कुमारिलांच्या मतानेही अर्थ हाती येण्यासाठी आधी अक्षरराशी मुखी असावी लागते, आणि सातआठे छप्पन्न हे ज्याला तत्काळ आठवत नाही तो मुलगा भागाकाराच्या तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत पहिली विसरलेला असतो. पंतोजींच्या शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, हेही पाठ करून घेत. दशमान नाणी आणि मापे आल्यावर ही कोष्टके शाळेतून गेली, परंतु सव्वा, पाऊण आणि अडीच बाजारातून गेलेले नाहीत. सांगलीच्या पेठेतील हळद किंवा तासगावचे बेदाणे पाऊण किलो घेताना किती पैसे द्यावेत, हे तोंडी काढायला लावणे हा पाठ आणि अर्थ यांचा मेळ घालणारा सराव आहे, आणि त्यासाठी वही लागत नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या आहेत: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो सत्कारपूर्वक, म्हणजे आदराने व श्रद्धेने, केला जावा. उन्हाळी सरावाचा आग्रह धरणारे पहिल्या दोन अटींवर बोलतात, तिसरीवर क्वचितच. मारून-मुटकून करवलेला सराव अखंड असला तरी या व्याख्येने तो अभ्यास ठरत नाही; उलट पुस्तकाविषयी अनादराचीच सवय त्यातून पक्की होते. चाफळ आणि सज्जनगड या परिसरात वावरलेल्या रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या समासाने केला असून अक्षर वाटोळे व मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत वळण एकच राहावे, अशा बारीकसारीक सूचना त्यात दिल्या आहेत. ब्रह्मनिरूपण करणाऱ्या ग्रंथात शाई आणि बोरूला एवढी जागा का मिळाली, याचे उत्तर सत्काराच्या अटीत सापडते. आठ वर्षांच्या मुलाला तो आदर उपदेशाने येत नाही. घरातील मोठे माणूस रोज काही वाचताना दिसले आणि मुलाने मोठ्याने वाचलेला पानभर मजकूर कोणीतरी चुका न मोजता ऐकून घेतला, तर तो येण्याची शक्यता असते. जतच्या पूर्व भागात, जेथे अनेक घरांत कन्नड बोलली जाते, तेथे हे वाचन घरच्या भाषेतूनही व्हावे; आदराची अट पाळायची तर मुलाच्या बोलीला दाराबाहेर ठेवून चालणार नाही.

येथवर ज्या शास्त्राचा आधार घेतला त्याची एक बाजू झाकून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनध्यायाच्या ज्या यादीत मेघगर्जना आणि ग्रहण आहे, त्याच प्रकरणात शूद्राच्या सान्निध्यात वेद म्हणू नये असेही आहे. शास्त्राच्या भाषेत ज्याला कर्म करण्याची पात्रता आहे तो अधिकारी, आणि हा अधिकार जन्मावरून ठरवल्याने समाजाच्या फार मोठ्या भागाला आणि सर्व जातींच्या स्त्रियांना आयुष्यभराचा अनध्याय लागला. तो मोडणाऱ्यांत सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा आहे: जोतीराव फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, सावित्रीबाईंचे जन्मगाव खंडाळा तालुक्यातील नायगाव. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, आणि तेथे त्यांना बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत १९०१ च्या एका उन्हाळी सुट्टीचेही वर्णन आहे: नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असलेल्या वडिलांकडे सुट्टीसाठी निघालेली भीमरावांसह घरातील मुले मसूर स्थानकावर उतरली, जात कळताच गाडीवान त्यांना नेईनात, दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून ती निघाली आणि वाटेत त्यांना पिण्याचे पाणीही मिळाले नाही. सुट्टी सर्व मुलांना सारखी मिळते, हे गृहीतक या जिल्ह्यापुरते तरी तेव्हाच खोटे ठरले होते. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे आणि १९२४ पासून सातारच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवणारे भाऊराव पाटील, ज्यांचे घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, यांनी अधिकाराची ही कल्पना ग्रंथाने नव्हे तर एका पंगतीने उलटवली.

जन्माधिष्ठित अधिकार टाकून दिल्यावरही मीमांसेतील एक विचार मात्र टाकण्यासारखा नाही. आठव्या वर्षी मुलाचे उपनयन करावे आणि त्याला शिकवावे, असे जे वचन आहे त्यावर प्रभाकर मिश्रांच्या पक्षाने असे म्हटले की, आज्ञा ज्याला कळते त्यालाच ती लागू होते. आठ वर्षांच्या बालकाला विधीचा अर्थ कळत नाही, म्हणून विधी आहे तो अध्यापनाचा, त्याचा धनी आचार्य, आणि मुलाचे अध्ययन त्या कर्तव्याच्या ओघात घडते. कुमारिलांच्या, म्हणजे भाट्ट, पक्षाने हे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला आहे आणि पांडित्याच्या दृष्टीने कदाचित त्यांचीच बाजू वरचढ असेल. चौथीच्या उंबरठ्यावरील मुलापुरते बोलायचे तर प्रभाकरांचे म्हणणे अधिक खरे आहे. योगायोगाने वयही तेच आहे. भारताच्या राज्यघटनेचे कलम २१ अ आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला शिक्षणहक्क कायदा यांची रचनाही अशीच आहे, कारण त्यांत हक्क मुलाचा असून कर्तव्य शासनाचे, स्थानिक संस्थांचे आणि पालकांचे आहे. सुट्टीत मुलाने काय करावे, असे विचारणे म्हणूनच प्रश्न चुकीच्या माणसाला विचारणे आहे.

मोठ्यांनी हे कर्तव्य ओळखल्याची उदाहरणे याच मुलखात आहेत. पाचगणी-महाबळेश्वर मार्गावरील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी, म्हणजे सुट्टीच्या ऐन हंगामात, राज्य शासनाच्या पुढाकाराने पुस्तकांचे गाव सुरू झाले, तेव्हा पंचवीस ठिकाणी, बहुतेक गावकऱ्यांच्या राहत्या घरांत, सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली गेली. कोणीही यावे, बसावे आणि वाचावे. परंतु भिलारला जाऊ शकणाऱ्या मुलाच्या घरी बहुधा पुस्तक असतेच. सातारा-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात कार्तिकापासून कोयता घेऊन आलेल्या टोळ्यांबरोबर जी मुले खोपीत राहतात, त्यांचे शाळेचे वर्षच फडावर जाते; साखरशाळा असलीच तर थोडेफार हाती लागते. गाळप संपून मार्च-एप्रिलमध्ये टोळी बीडकडे किंवा जतच्या एखाद्या वाडीकडे परतते, तेव्हा गावची शाळा सुट्टीच्या तयारीत असते, आणि वयानुसार वर्ग मिळण्याच्या नियमाने तिसरी न शिकलेले हे मूल जूनमध्ये चौथीत बसते. या मुलाच्या बाबतीत उन्हाळा हा अनध्याय नसून त्याचे उपाकर्म आहे, आणि इतरांना लागू असलेला ग्रहणाचा विराम त्याला लावणे अन्यायाचे आहे. ऊसतोड मजुरांच्या प्रत्येक गावात शाळेची एक खोली मे महिन्यात रोज सकाळी दोन तास उघडी राहावी आणि तेथे शिकवणाऱ्यास त्याचे मानधन मिळावे, ही मागणी ग्रामपंचायतींनी आणि साखर कारखान्यांनी मिळून जिल्हा परिषदेकडे करावी.