एक केलंस म्हणजे तपासलंस का?

इकडे ये. लॅपटॉप मिटू नकोस, उघडाच राहू दे.

रात्री ग्राहक आणि ऑर्डरींची टेबलं भरताना फॉरेन की चेक्स शून्य केलेस. त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. लाखो ओळी भरायच्या, आणि प्रत्येक ओळीला मायएसक्यूएल विचारणार, हा ग्राहक आहे का? वेळ जाणारच. ऑर्डरी आधी आल्या आणि ग्राहक नंतर, तर लोड तिथंच अडतो. मायएसक्यूएलडम्पसुद्धा आपल्या फाइलच्या सुरुवातीला हेच लिहून ठेवतो. माझं भांडण त्या शून्याशी नाहीच. नंतरच्या एकाशी आहे.

एक केलंस आणि घरी गेलास. काय वाटलं, मायएसक्यूएल आता मागे जाऊन भरलेल्या ओळी तपासेल? नाही तपासत. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. तू वाचलंयस. मुलाखतीला आलेल्या पोरांना हाच प्रश्न टाकून घाम फोडतोस ना? मग स्वतःवर वेळ आली तेव्हा अक्कल कुठं गहाण पडली होती?

'फाइल स्वच्छ होती.' कोण म्हणालं? फाइल पाठवणारा! 'एरर आली नाही.' कशी येईल? पहारेकऱ्याला तूच झोपवलंस, आणि वर सांगतोस चोर दिसला नाही. 'वेळ नव्हता.' एक लेफ्ट जॉइन, राजा. ऑर्डरीत ग्राहक क्रमांक आहे पण ग्राहकांत तो नाही, अशा ओळी दाखव. चार ओळींची क्वेरी. झोपेतही लिहिशील तू.

आणि चेक्स बंद असतानाच जुने ग्राहक पुसलेस. कॅस्केड लावलाय म्हणून निर्धास्त! अरे, चेक्स बंद म्हणजे कॅस्केडही बंद. ग्राहक गेले, ऑर्डरी जागच्या जागी. ते शून्य ग्लोबल केलं नाहीस एवढं नशीब. नाहीतर नंतरचं प्रत्येक नवं कनेक्शन बिनतपासणीचं लिहीत बसलं असतं.

एसक्यूएल सर्व्हर निदान न तपासता पुन्हा चालू केलेल्या कन्स्ट्रेंटवर 'नॉट ट्रस्टेड' अशी नोंद तरी ठेवतो. इथं तेवढंही नाही. सगळं वरून ठाकठीक दिसतं, आणि तुला तेच सोयीचं वाटलं.

बस. क्वेरी लिही. अनाथ ओळी निघतील त्या वेगळ्या टेबलात काढ, परस्पर पुसू नकोस. मग फॉरेन की काढ आणि चेक्स चालू ठेवून पुन्हा लाव. एक जरी अनाथ ओळ उरली असेल तर १४५२ ची एरर तोंडावर येईल. ही पायरी लोडच्या स्क्रिप्टमध्येच घाल.

उद्या नाही. आत्ता.