चिकटण्याच्या अटी

मोडलेली वस्तू जोडायला बसलं की हात आधी ट्यूबच्या टोपणाकडे जातो. खरं तर तो आधी फडक्याकडे जायला हवा.

गोंद वस्तूला चिकटत नाही, तिच्या वरच्या थराला चिकटतो. स्वयंपाकघरात हा वरचा थर बहुतेक वेळा तेलाचा असतो. झाकणाची मूठ पुन्हा निखळली की आपण गोंदाला नावं ठेवतो. गोंद बिचारा तेलाला इमानदारीनं चिकटलेला असतो.

सायकलचं पंक्चर काढणारा ट्यूब कानशीनं घासतो, पुसतो, सोल्यूशन लावतो. मग थांबतो. बोट टेकवून पाहतो, फुंकर घालतो. बोटाला काही लागेनासं झालं की ठिगळ बसवतो आणि वरून हातोडीनं ठोकतो. सोल्यूशन म्हणजे द्रावकात विरघळवलेलं रबर. द्रावक उडून जाण्याआधी ठिगळ बसवलं तर द्रावक आतच कोंडतं आणि ठिगळ पहिल्या खड्ड्याला दगा देतं. समोर गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असतं, तरी हा माणूस थांबतो. घरी आपण नेमकी तेवढीच पायरी गाळतो.

फेविकॉलचं उलट आहे. तो ओला असतानाच दाबायचा. प्लायवर सनमायका बसवून सुतार वर वजन ठेवतो आणि घरी जातो. रात्रभरात गोंदातलं पाणी लाकूड पिऊन टाकतं, म्हणून सांधा धरतो. काच आणि स्टील पाणी पीत नाहीत. त्यांच्यामध्ये तोच गोंद कडेनं सुकतो आणि मध्ये दही होऊन राहतो. या गोंदानं चिकटायला दोघांपैकी एकाला तरी पाणी शोषून घेता आलं पाहिजे.

झटपट गोंदाची गोष्ट विचित्र आहे. 1942 साली कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ दिसेल त्याला चिकटायचा, म्हणून तो बाजूला पडला. 1951 मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी तो दोन लोलकांमध्ये घालून तपासला, तर महागडे लोलकच एकमेकांना चिकटून बसले. 1958 मध्ये तो बाजारात आला. दोष तोच होता, फक्त गिऱ्हाईक बदललं.

हा गोंद हवेनं वाळत नाही. वस्तूवर असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओलाव्यानं तो घट्ट होतो. म्हणून पातळ थर क्षणात धरतो आणि जाड थर ओलाच राहतो. एका थेंबाचं काम दोन थेंब बिघडवतात.

दोन नळ्यांच्या ॲराल्डाइटमध्ये लोक हार्डनर थोडा जास्त घालतात, अधिक घट्ट बसावं म्हणून. राळ आणि हार्डनर मापात जोड्या लावतात. उरलेल्या हार्डनरला जोडीदार नसतो. तो सांध्यात नुसता बसून राहतो आणि सांधा कच्चा ठेवतो.

प्लास्टिकच्या बादलीपुढे सगळेच हात टेकतात. तिच्यावर गोंद पसरतच नाही, थेंब धरून बसतो. गोंदाच्या बाटल्या याच जातीच्या प्लास्टिकच्या का करतात, ते यातून कळावं. बादली सांधायची तर तिचंच प्लास्टिक तापल्या सळईनं वितळवावं लागतं. बाहेरचा मध्यस्थ तिला चालत नाही.

ओढून न तुटणारा सांधा सोलून तुटतो. सरळ ओढलं की सगळा पृष्ठभाग मिळून जोर झेलतो. सोलताना सगळा जोर एका कडेवर येतो. मोची हे जाणतो. सोल्यूशन लावूनही तो चपलेच्या टोकाला टाके घालतो, कारण चालणारा माणूस दर पावलाला तिथेच सोलत असतो.

दोन वेगळ्या जातींच्या वस्तू जोडताना खरा प्रश्न उन्हाचा असतो. ॲल्युमिनियमची मीटरभर पट्टी तीस अंशांनी तापली की पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. शेजारची काच त्याच्या निम्मीही वाढत नाही. दोघींमध्ये कडक गोंद घातला, तर तो फुटतो किंवा काच फोडतो. खिडक्यांना म्हणूनच सिलिकॉन लागतं. त्याची पकड इतरांपेक्षा कमी असते, पण ते ताणतं आणि परत येतं. सगळ्यात बळकट गोंद द्या असं दुकानात मागणाऱ्याला, तो काय काय जोडणार आहे, हे कुणी विचारत नाही.

व्हायोलिनची तबकडी, म्हणजे वरची फळी, आणि तळ आजही जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसानं चिकटवतात, आणि तबकडीला तर तो मुद्दाम पातळ करून लावतात. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं. सांधा लाकडापेक्षा कमजोर असला तर तो उघडतो. जास्त बळकट असला तर तबकडीला तडा जातो. उघडलेल्या सांध्यात कारागीर पातळ सुरी सरकवतो, जुना सरस कोमट पाण्यानं पुसतो, नवा लावतो आणि वाद्य पुन्हा वाजू लागतं. हीच भेग घरी कुणी झटपट गोंदानं बुजवली असेल, तर सुरीबरोबर लाकडाचे तुकडे निघतात. असं वाद्य दुकानात आलं की दुरुस्तीचा दर वाढतो आणि कारागिराचं बोलणं कमी होतं.