टायरचें पॉलिश आणि नीति

मोटारीच्या टायरला पॉलिश लावण्यांत नीतीचा कसला प्रश्न, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, आहे. रबराच्या रक्षणार्थ त्यांत मिसळलेलीं द्रव्यें हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि टायर तपकिरी दिसूं लागतो. तो धुऊन, वाळवून त्याच्या बाजूस पॉलिशचा पातळ हात द्यावा व उरलेलें पुसून टाकावें. पाण्यांत कालवलेलें पॉलिश झळकतें कमी, पण पेट्रोलियमच्या द्रावकाप्रमाणें रबर शुष्क करण्याची भीति त्यांत नसते. जमिनीस टेकणाऱ्या भागाला मात्र तें मुळींच लावूं नये, चाक घसरतें. येथवर ही केवळ शोभा झाली, आणि शोभेंत पाप नाहीं.

परंतु जुनी गाडी विकावयाची असतां तेंच पॉलिश बारीक भेगा झांकतें. वस्तु तीच, हात तोच. हेतु पालटला कीं शृंगाराची फसवणूक होते. आणि फसतो तो एकटा गिऱ्हाईकच काय? चकचकीत टायर पाहून मालकहि वांकून खाचा तपाशीत नाहीं. त्या 1.6 मिलिमीटरांहून उथळ झाल्या कीं टायर बाद समजावा. मुंबई-कोलकाता महामार्गावरील कोहमाऱ्याहून भर पावसांत सहकुटुंब नवेगाव बांधास निघालेल्या गृहस्थास तारतात त्या या खाचा, झळाळी नव्हे.

म्हणून आधीं परीक्षा, मग पॉलिश; आणि विकतांना आधीं भेग दाखवावी, मग शोभा. जें दाखविण्यास आपण कचरतों, तें उजळण्याचा आपणांस अधिकार नाहीं.