तात्पुरता बांध

‘खालील अटींच्या अधीन राहून मंजूर’ हे शब्द ज्याने आयुष्यात एकदाही लिहिले नाहीत, असा वाचक या मासिकास क्वचितच लाभला असेल. आपण बहुतेक सारे सरकारी चाकरीच्या निमित्ताने परप्रांती येऊन राहिलेले. मंजुरी आधी आणि अटींचे पालन मागाहून, हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला. परंतु अट म्हणजे नेमके काय? ज्याचे नुकसान होणार त्याला दिलेला तो शब्द असतो, की नुकसान करणाऱ्यास मिळालेला परवाना? गेली काही वर्षे हा प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. तो आम्हांस पडला तो कोणता ग्रंथ वाचून नव्हे, तर खाडीवरचा एक पूल पाहून.

त्या पुलाकडे वळण्यापूर्वी घरच्या खाडीविषयी दोन शब्द. ठाण्याच्या खाडीवर वाशी येथे मोटारींचा पहिला पूल १९७३ साली सुरू झाला. खाऱ्या हवेने त्याच्या पोटातील पोलादी तारा इतक्या लौकर पोखरल्या की, शतक संपण्यापूर्वीच त्याच्या शेजारी दुसरा पूल उभारणे भाग पडले. तिसऱ्याची एक बाजू २०२४ च्या ऑक्टोबरात आणि दुसरी २०२५ च्या जूनमध्ये वाहतुकीस खुली झाली. दक्षिणेस, शिवडीहून समुद्रापार जाणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आणि याच खाडीच्या पश्चिम काठी, ऐरोली व वाशी येथील पुलांच्या मधोमध, २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले. २०२२ साली रामसर कराराच्या यादीत त्याची नोंद झाली. एकाच पाण्यावर माणसाचा आणि पाखराचा असा दुहेरी हक्क सांगितला गेला, तोही एकाच शासनाच्या शिक्क्याने.

पूल बांधूच नयेत असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्याचा दवाखाना पैलतीरी आहे आणि होडी ओहोटीमुळे चिखलात रुतून बसली आहे, त्याला सृष्टिसौंदर्याचे स्तोत्र ऐकवण्यात नीती कसली? ती केवळ चैन होय, आणि तीही बहुधा पुलावरून मोटारीने जाणाऱ्याची. पूल हवा, एवढे आम्ही गृहीत धरतो. हवा म्हटल्यावर पुढे काय देणे लागते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या भाषेत दिले आहे. खारफुटीतून रस्ता न्यावयाचा तर तो खांबांवरून न्यावा, आणि जितकी झाडे तुटतील त्यांच्या निदान पाचपट लावावीत, असे किनारा नियमनाची २०११ ची अधिसूचना सांगत असे. जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अधिसूचनेने झाडांची मोजदाद सोडून क्षेत्राचा हिशेब धरला आणि प्रमाण तिप्पट ठेवले. दरम्यान सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला होय, असा निर्णय देऊन सार्वजनिक हिताचे काम वगळता तोडीस मनाई केली. या नियमांची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. तिपटीचा धाक नसता तर काठावर आज किती हिरवे उरले असते, कोण जाणे.

तरीही तिपटीच्या या हिशेबात एक खोट आहे. रामाकडून उसने घेतले आणि गोविंदाला तिप्पट फेडले, तर गोविंद संतुष्ट होईल. रामाचे देणे फिटले असे मात्र कोणताही सावकार म्हणणार नाही. एका खाडीतील तिवरे तोडून दुसऱ्या खाडीत रोपे लावताना आपण हेच करीत असतो. तोडलेल्या तिवरांच्या मुळांत ज्या कोळंबीची पिले वाढत होती, ती बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसऱ्या तालुक्यात जात नाहीत. ओहोटीला पायी चिखलात उतरून कालवे आणि चिंबोऱ्या गोळा करणारी बाईही जात नाही. वाशीच्या कोळ्यांनी हे न्यायालयापुढे मांडले. २०२१ साली उच्च न्यायालयाने तिसऱ्या पुलाचे काम थांबविले नाही, परंतु वहिवाटीने मासेमारी करणाऱ्यांना त्यांच्या नुकसानीची भरपाई मिळालीच पाहिजे असे बजावले. निदान तेथे रामाला आपले नाव सांगण्यास तोंड होते.

पुलाचे गाळे पाहिले की आपण कोणाला मान देतो हे कळते, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. अटल सेतूवर जहाजांच्या वाटेवर आणि समुद्रतळाच्या नळांवर खांब येऊ नयेत म्हणून पोलादी गाळे घातले. त्यांतील सर्वांत लांब १८० मीटरांचा आहे. योग्यच केले. पण ते करता येते, त्याला पैसा आणि बुद्धी दोन्ही मिळतात, हेही त्यावरून सिद्ध होते. जहाजाला वाट द्यावी लागते, कारण ते धडकले तर पुलाचे नुकसान आहे. भरतीचे पाणी कोठेच धडकत नाही. ते निमूटपणे मागे फिरते.

आता त्या पुलाविषयी. ओडिशाच्या किनाऱ्यावरील एका जिल्ह्यात आमची नेमणूक असताना लहानशा खाडीवर एक पूल झाला. मागणी चाळीस वर्षांची होती. उद्‌घाटनाच्या दिवशी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले आम्ही पाहिले आहे. फायलीत सारे यथास्थित होते. किती झाडे तुटली, किती लावली, कोठे लावली, छायाचित्रांसह.

चिखलात खांब रोवायचे तर अवजड यंत्रे आत न्यावी लागतात. त्यासाठी लोखंडी खांबांवर कामचलाऊ पूल उभारता येतो. काम झाले की तो उचलून नेतात, आणि त्याखालून पाणी खेळते राहते. दुसरी रीत म्हणजे दगड आणि मुरूम ओतून सरळ बांध घालणे. ही स्वस्त आणि झटपट. ठेकेदाराने दुसरी पत्करली. अटींत स्पष्ट लिहिले होते की, हा बांध तात्पुरता असून काम संपताच तो समूळ काढण्यात यावा. संयुक्त पाहणीच्या अहवालात तो ‘काढण्यात आला’ अशी नोंद झाली, आणि त्या अहवालावर आमची सही आहे. मुख्य प्रवाहापुरता तो काढलाही होता. काठाकडचा भाग राहिला होता. पाहणीच्या वेळी ऐन भरती होती आणि तो पाण्याखाली असल्यामुळे आम्हांस दिसला नाही. ‘काढण्यात आला’ हा प्रयोग आपल्या कचेरीच्या भाषेला फार सोयीचा आहे. त्यात काढणारा नसतो आणि न काढणाराही नसतो. असो.

तिवराची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. पाणी दिवसातून दोनदा येऊन परत गेले तर झाड जगते. साचून राहिले तर गुदमरते, आलेच नाही तर मीठ साठून वाळते. कोकणातल्या आपल्या खारजमिनींच्या बांधांना उघाडी ठेवीत, तीवर माणूस नेमीत, आणि पाणी केव्हा सोडावे यावरून गावात भांडणे होत. त्या बांधाची कटकट कायमची होती, म्हणून काळजीही कायमची होती. तात्पुरत्या बांधाला उघाडी कोण ठेवणार? दोन पावसाळ्यांनंतर त्या काठाची तिवरे वाळली. कोणी कुऱ्हाड लावली नव्हती, त्यामुळे ती तोडीच्या हिशेबात कधीच आली नाहीत. पुलासाठी तोडलेल्या झाडांहून ती कितीतरी अधिक होती.

न केलेल्या कृत्याचा दोष कितपत लागतो, याचा काथ्याकूट शास्त्रकारांनी भरपूर केला आहे, आणि एके काळी आम्हीही तो हौसेने वाचला होता. परंतु तो सारा आम्हांस निरुपयोगी झाला तो एका सकाळी. बंगल्यावर एक वृद्ध मच्छीमार आला. आमची ओडिया तोडकीमोडकी आणि त्याची बोली गावंढळ, म्हणून कारकून दुभाष्या झाला. ‘आज्ञा, आज्ञा’ म्हणत तो बराच वेळ बोलत होता. कारकुनाने सांगितले, याला नुकसानभरपाई हवी असावी. आम्ही अर्जाचा नमुना आणावयास सांगितले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि हाताने वाहत्या धारेची खूण करीत एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला: ‘पाणि’. त्याला दुभाष्याची गरज नव्हती.

त्यानंतर आम्ही टिपणी लिहिली. तिला उत्तर येण्यापूर्वीच आमची बदली झाली. आमच्या जागी आलेल्या गृहस्थांनी दुसऱ्या हिवाळ्यात यंत्र लावून बांध दोन ठिकाणी फोडला. पूर्ण काढण्यास पैसा मिळाला नाही. मागच्या वर्षी भुवनेश्वरास जाणे झाले तेव्हा आडवाट करून आम्ही तेथे गेलो. फोडलेल्या जागी पाणी आत येत होते आणि त्याच्या कडेला गुडघाभर उंचीची नवी रोपे आपोआप उगवली होती. मागचे खुंट तसेच करडे उभे होते. पुलावरून यांतले काहीच दिसत नाही. उतरणीवरून खाली जावे लागते, आणि तेथवर जाण्यास वाट म्हणून अद्याप तोच बांध आहे.